अकरा चाळीसची गाडी

तात्या लोहकऱ्यांच्या शेडपुढे ती गाडी रोज सकाळी अकरा चाळीसला येऊन उभी राहायची. ना हॉर्न, ना हाक. तिच्यात ड्रायव्हरच नव्हता, तर हाक कोण मारणार? मागचं दार आपोआप वर जायचं, सात मिनिटं उघडं राहायचं. तेवढ्यात क्रेट आत गेले तर गेले, नाहीतर दार मिटून गाडी पुढच्या शेडकडे चालू लागायची.

तात्या दोन क्रेट चढवायचे आणि मग चहाचा अर्धा कप गाडीच्या पायरीवर ठेवायचे.

"अहो, ती काय पिणार आहे?" विजयाताई दर वेळी म्हणायच्या.

"बत्तीस वर्षं ठेवत आलोय. आधी सदूभाऊ गाडी घेऊन यायचा, मग त्याचा जावई. आता ही आली म्हणून काय रीत मोडायची?" मग गाडीकडे वळून तात्या म्हणायचे, "घे गं बाई. साखर कमी आहे."

दार मिटायच्या आत तो कप उचलायचा आणि स्वतःच पिऊन टाकायचा, हा त्या रीतीचा उरलेला भाग.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतून निघालेली ही गाडी दहा-बारा शेडचा माल गोळा करत चाकणच्या हबला, म्हणजे सगळा माल तपासून साठवायच्या मोठ्या गोदामाला, पोचायची. गवळी दारोदार फिरून दूध गोळा करतो तशी, म्हणून तिला सगळे दूधफेरी म्हणत. आणि हबमध्ये, हाताने केलेला माल उतरवून घेणाऱ्या टेबलापाशी, तात्यांची एकुलती एक मुलगी केतकी उभी असायची. वडिलांनी सकाळी चढवलेला क्रेट दुपारी मुलगी उतरवून घ्यायची. अकरा वर्षं असं चाललं होतं.

हे हब का उभं राहिलं, ते सांगायला हवं. एक काळ असा होता की मोटारींचे कारखाने सुट्या भागांचा साठा ठेवायचेच नाहीत. दाराशी दूध आलं की चहा ठेवायचा, तसं. पण मग वाईट वर्षं आली. एकदा बोटींचा समुद्रातला रस्ता बंद झाला, एकदा घाट खचला. एका देशाने एक धातू द्यायचं थांबवलं आणि जगभरच्या कारखान्यांचे पट्टे थबकले. करंगळीएवढ्या रबरी कडीसाठी सहाशे तयार मोटारी मैदानात धूळ खात उभ्या राहिल्या. तेव्हा कारखानदारांनी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे प्रत्येक भागाचा आठ आठवड्यांचा राखीव साठा ठेवायला सुरुवात केली. आणि दुसरी म्हणजे, त्यांनी चाहूल बसवली.

चाहूल म्हणजे एक यंत्रणा. अडचण येऊन कोसळण्याआधी तिची चाहूल घ्यायची, हे तिचं काम. ती हे कसं करते? समजा, तुम्ही रोज एकाच रस्त्याने शाळेत जाता. कोपऱ्यावरचा वाणी बरोबर सातला फळी उघडतो. एक दिवस त्याला सात वाजून पाच मिनिटं होतात, पुढच्या आठवड्यात सव्वासात. तुम्हाला कारण माहीत नसतं, पण वाण्याचं काहीतरी बिनसलंय एवढं कळतं. चाहूल एकाच वेळी अशा चार हजार वाण्यांकडे बघत असते. गाडी किती मिनिटं थांबली, कोणत्या वसाहतीत वीज कितीदा गेली, आणि मुख्य म्हणजे हबमधल्या कॅमेरे लावलेल्या पट्ट्यावरून जाणाऱ्या प्रत्येक भागाचं माप केसाच्या विसाव्या हिश्शापर्यंत किती भरलं. या सगळ्यावरून ती प्रत्येक पुरवठादारापुढे एक आकडा लिहिते: यांच्याकडून माल येणं बंद पडायला अंदाजे किती दिवस. आकडा मोठा असला की हिरवा. पंचेचाळीसच्या खाली गेला की लाल.

तात्यांचा आकडा कधी तीनशेच्या खाली आला नव्हता. ते एक पितळी बुश करायचे, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढी पोकळ कडी. मोटारीच्या चार्जिंगच्या झाकणाच्या बिजागरीत तो बसायचा. त्याला आतून एक तिरकी खाच होती. त्या खाचेच्या काठावर उरलेली धातूची बारीक, टोकेरी कूस यंत्राने नीट निघत नसे. बारीक कानस घेऊन, मनगट पाव फेरा फिरवून, ती हातानेच काढावी लागे. तात्या दिवसाला दीडशे काढायचे. तळेगावच्या एका कंपनीने हेच काम करणारा यंत्राचा हात आणला होता, पण मारुतीच्या शेपटीसारखा त्याच्या बिघाडांना अंत नव्हता.

आणि तात्यांचे ठिपके. फार पूर्वी एका कारखान्याने त्यांचा महिन्याचा सगळा माल परत पाठवला होता, कारण त्यातले चाळीस बुश खराब होते आणि ते कोणत्या दिवसाचे हे कुणालाच सांगता येईना. त्या दिवसापासून तात्यांनी प्रत्येक बुशवर आगकाडीने ऑइलपेंटचा ठिपका द्यायला सुरुवात केली. सोमवारचा पिवळा, मंगळवारचा लाल, असे सहा दिवसांचे सहा रंग. खाच घड्याळातल्या बाराला धरायची. वर्षाच्या पहिल्या आठवड्याचा ठिपका एकच्या जागी, दुसऱ्याचा दोनच्या, बारा झाले की पुन्हा एकपासून. बुश हातात घेतला की तारीख वाचता आली पाहिजे. केतकी शाळेतून आली की दप्तर टाकून ठिपके द्यायला बसायची; ती हबमध्ये लागल्यावर तात्यांच्या जोडीला विजयाताई बसू लागल्या.

"तात्या, दोन दिवसांचा माल एकत्र झाला तर काय होतं?" तिने एकदा विचारलं होतं.

"माल मुका होतो, बाळ," तात्या म्हणाले होते. "प्रत्येक जॉब, प्रत्येक नग काहीतरी सांगत असतो. कधी हत्यार बोथटलंय, कधी करणारा थकलाय. लॉट मिसळलास की त्याचं तोंड बंद."

*

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रुबीनाने केतकीला आपल्या पडद्यापाशी बोलावलं. रुबीना शेख पट्ट्यावरच्या कॅमेऱ्यांची देखभाल करायची.

"हे बघ. मी काही बोलले नाही, तू काही पाहिलं नाहीस."

लोहकरे इंजिनिअरिंग, भोसरी. एकसष्ट दिवस.

"चूक असेल," केतकी म्हणाली.

"मीही दोनदा तपासलं. माप सगळं हद्दीत आहे गं. एकही जॉब नापास नाही. पण पसरलंय." रुबीनाने बोटांनी दाखवलं. "आधी पडद्यावरचे मापांचे सगळे ठिपके एका मुठीत मावायचे. आता ओंजळीत."

याचा अर्थ असा. वर्गात एखाद्या हुशार मुलीची वही असते. एकही शब्द चुकलेला नाही, दहापैकी दहा गुण. पण आज अक्षरं कुठे उंच, कुठे बुटकी झालीत, रेषेला धरून आहेत इतकंच. चांगला शिक्षक गुण देतो आणि मग मुलीच्या कपाळाला हात लावून बघतो. चाहूलला कपाळाला हात लावता येत नाही. तिला फक्त अक्षरं दिसतात.

केतकीने जगताप सरांना आडून विचारलं. ते हबचे प्रमुख, तीन वर्षांत निवृत्त होणारे. "सर, आकडा घसरला तर चाहूल कारण सांगते का?"

"कारण तिलाच माहीत नसतं. लाल झालं की भेटीचा कागद निघतो. आपला माणूस जाऊन बघून येतो."

"आणि मग?"

जगताप सरांनी चष्मा पुसला. "मग बहुतेक वेळा काम दुसरीकडे जातं. भेट चांगल्या हेतूने ठेवली होती, केतकी. पण चार हजार पुरवठादार, आणि जाणारी माणसं तीन. बघून येतात, लिहितात, संपलं."

लाल होण्याआधी पुरवठादाराला काही कळवायचं नाही, असा नियम होता. केतकीने तो पाळला. पण रविवारी ती भोसरीला गेली.

तात्यांच्या कपाळावर केसांखाली एक जुना पिवळट डाग होता. "हे काय?"

"संक्रांतीच्या आसपास शटरला नमस्कार केला. अर्धंच वर गेलं होतं, मी पूर्ण वाकलो नाही. चूक माझीच, शटर कधीचं तिथंच आहे."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"रक्तसुद्धा आलं नाही. दाखवू काय, शटर?"

विजयाताई हसल्या नाहीत. त्या डबे आवरत होत्या. तात्यांच्या शर्टाचं एक बटण वरच्या काजात गेलं होतं. चहा घेताना त्यांनी कप डाव्या हातात धरला.

"उजवा हात काय झाला?"

"झोपलाय जरा. सत्तर वर्षं राबवला, घेऊ दे की सुट्टी." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "केतू, हबमधून काही तक्रार तर नाही ना आपल्या मालाची?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. शेडमधली दोन यंत्रं विकून झाली होती. दोन कामगार निघून गेले होते. उरला होता तो हा एक बुश. सकाळी आठला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून शेडचं शटर उघडणं, हेच तात्यांचं सगळं काही होतं. ते गेलं तर हा माणूस दोन महिने टिकणार नाही, असं तिला वाटलं. तिथेच तिचा हिशेब चुकला.

"काहीच तक्रार नाही," ती म्हणाली. "तुमचा माल तसाच आहे."

*

सोमवारी तात्यांचे क्रेट आले तेव्हा केतकीने ते पट्ट्याकडे पाठवले नाहीत. राखीव साठ्याची मांडणी तिच्याच ताब्यात होती. तिथे तात्यांचे आठ आठवड्यांचे बुश होते, ऑक्टोबर-नोव्हेंबरचे. तिने ते जुने बुश काढून पट्ट्यावर सोडले आणि नवे त्यांच्या जागी ओतले. आधी आलेला माल आधी जाणार, नंतरचा नंतर, हे तर तिथलं पहिलं कलम होतं, आणि साठ्यातला माल फिरवणं हे तिचं कामच होतं. कुणाला संशय येण्याचं कारण नव्हतं. फक्त पट्ट्याला ती सांगत होती की हे आजचे आहेत. आणि घाईत ओतताना सोमवारचे मंगळवारच्यात गेले, पिवळे लालात मिसळले.

तिने मनाची समजूत घातली. एकही जॉब खराब नाही. कुणाची मोटार बिघडणार नाही, कुणाचं झाकण अडकणार नाही. मग कुणाचं काय वाईट केलं?

कॅमेऱ्याखालून ऑक्टोबरातला तात्यांचा हात गेला. नेमका, शांत, मुठीत मावणारा. दोन आठवड्यांत आकडा एकशे ऐंशीवर गेला, मग तीनशेवर. मार्च लागता लागता चारशे बारा झाला.

रुबीनाला काहीतरी कळलं असावं. ती एवढंच म्हणाली, "सुधारले म्हणायचे तात्या."

"हो. थंडीचा त्रास होता हाताला."

त्याच सुमारास तळेगावच्या यंत्राच्या हाताचा एक सुटा भाग कुठल्याशा बंदरात अडकला. तिथून बुश येणं थांबलं. चाहूलने हिरव्या पुरवठादारांवर नजर टाकली आणि चारशे बारा दिवसांची खात्री असलेल्या लोहकरे इंजिनिअरिंगला रोजचे पन्नास बुश वाढवून दिले.

"तुझ्या वडिलांनी यंत्राला हरवलं बरं का," जगताप सर म्हणाले.

तात्यांनी त्या दिवशी पेढे आणले. फोनवर त्यांचा आवाज जरा जड येत होता, शब्द एकमेकांत अडकत होते. "तोंडात पेढा आहे," असं ते म्हणाले, आणि केतकीने ते खरं धरलं.

*

एकोणीस मार्चला, अकरा सत्तेचाळीसला दार मिटून गाडी निघाली आणि पायरीवरचा कप खाली पडून फुटला. विजयाताई आवाज ऐकून बाहेर आल्या. तात्या शटरपाशी बसले होते. कप उचलायला त्यांचा हातच पुढे गेला नव्हता. त्यांना विजयाताईंचं नाव आठवेना.

इस्पितळातली डॉक्टर तरुण होती आणि सावकाश बोलायची. तिने कागदावर एक वर्तुळ काढलं.

"हे डोकं. हाडाच्या आत मेंदूवर पातळ आवरण असतं. वय झालं की मेंदू थोडा आकसतो आणि मधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जातात. साधासा धक्का पुरतो. बाहेर काही दिसत नाही, आत थेंब थेंब रक्त साचत राहतं. आठवडेच्या आठवडे. मेंदू हळूहळू दाबला जातो. आधी एका हाताची नजाकत जाते, मग बोलणं जड होतं." तिने पेन खाली ठेवलं. "गेल्या दोन महिन्यांत डोक्याला काही लागलं होतं का?"

"शटर," विजयाताई म्हणाल्या.

"आता खूप साचलंय. काल एकदम वाढलंही असावं. आम्ही करतोय प्रयत्न."

"आधी आणलं असतं तर?" केतकीने विचारलं.

डॉक्टरने पेन पुन्हा उचलून वर्तुळाच्या कडेला एक टिंब दिलं. "तीन-चार आठवडे आधी आणलं असतं तर हाडाला एक लहान भोक पाडून रक्त काढतो. बहुतेक लोक पाचव्या दिवशी चालत घरी जातात."

तात्या बावीस तारखेला पहाटे गेले.

*

गाडी येत राहिली.

जगताप सर अंत्यविधीला आले होते. त्यांनी त्याच आठवड्यात शेडचं नाव काढायचा कागद वर पाठवला होता. पण कागद माणसांमधून फिरतो. गाडी फक्त चाहूलचं ऐकते. आणि केतकी राखीव साठ्यातले उरलेले जुने बुश रोज पट्ट्यावर सोडत होती. पुरवठादाराचा माल थांबला की साठा वापरायचा, हा तर नियमच. ती फक्त ते बुश वडिलांच्या नावावर, आजची तारीख लावून सोडत होती. पट्ट्यावर ऑक्टोबरातला तो शांत हात अजून फिरत होता. चाहूलच्या लेखी तात्या ठणठणीत होते. अजून तीनशे पंचाण्णव दिवस.

"आजही आली होती गं," विजयाताई फोनवर सांगायच्या. "मी कप ठेवला."

"आई, नको ठेवत जाऊस."

"ते ठेवायचे ना."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रुबीना केतकीच्या टेबलापाशी येऊन बसली. तिने इकडेतिकडे पाहिलं नाही, सरळ बोलली.

"चाहूल शिकत असते, माहितीये ना तुला? जे झालं त्यावरून. फेब्रुवारीत तिने पाहिलं की हाताचं काम पसरतंय. तिला वाटलं, इथे काहीतरी होणार. मग तिला दिसलं की सगळं आपोआप सुधारलं. त्यावरून ती काय शिकली?"

रुबीनानेच उत्तर दिलं.

"शिकली की असं पसरणं म्हणजे काही नसतं. थंडीत होतं, जातं. काल आकुर्डीच्या एका शेडचा माल तसाच पसरला. तिथे एक बाई रबराची गॅस्केट कापते. साठीची आहे. चाहूलने आकडा हलवलासुद्धा नाही." रुबीना उठली. "मी तुला काही विचारत नाहीये, केतकी. फक्त सांगितलं."

त्या दिवशी केतकी मांडणीपाशी गेली. जुने बुश संपत आले होते. आता उरले होते ते तिने लपवलेले. पाच हजारांवर बुश, सगळे एकमेकांत मिसळलेले, मुके. तिने एक उचलला. खाच बाराला धरली. आठच्या जागी हिरवा ठिपका. आठवा आठवडा, गुरुवार.

मुके कुठले. तात्यांनी प्रत्येकाच्या तोंडात तारीख घालून ठेवली होती.

चार दिवस, जेवणाच्या सुट्टीत आणि काम सुटल्यावर, ती ते वेगळे करत बसली. दुसऱ्या दिवशी रुबीना समोरची खुर्ची ओढून बसली. शेवटच्या आठवड्यांचे ठिपके जागेवर नव्हते, पुसट, घसरलेले. पण रंग चुकले नव्हते, कारण त्या त्या दिवसाची डबी आई उघडून द्यायची. रांगा लागल्या तेव्हा केतकी जगताप सरांकडे गेली.

"सर, मला तासभर पट्टा हवाय." आणि तिने सगळं सांगितलं.

सरांनी टेबलावरचा कागद बाजूला सारला. "तुला इथे ठेवता येणार नाही मला. कळतंय ना?"

"कळतंय."

"माझ्याकडे आली असतीस तर मी काय केलं असतं, ते मी आठवून बघतोय," ते म्हणाले. "आणि मला खात्रीने सांगता येत नाहीये." मग ते उठले. "चल. पट्टा सुरू करू."

तारखेप्रमाणे बुश कॅमेऱ्याखालून जाऊ लागले. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, सोमवार, मंगळवार. पडद्यावर मूठ उघडत गेली. ओंजळ झाली, मग ओंजळही गळायला लागली. बरोबर वीस फेब्रुवारीच्या बुशांपाशी आकडा लाल झाला आणि बाजूच्या छपाईयंत्रातून एक कागद सरकून बाहेर आला. केतकीने असा कागद कधी नीट वाचला नव्हता. हबमध्ये तो म्हणजे पुरवठादाराचं काम गेल्याचा निरोप, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

लोहकरे इंजिनिअरिंग, भोसरी. बदल फक्त हातकामात. यंत्र, वीज, कच्चा माल यांत दोष आढळत नाही. काम करणाऱ्या व्यक्तीची प्रत्यक्ष भेट घ्यावी. प्रकृतीची विचारपूस करावी. अंदाज: सत्तावीस दिवस.

वीस फेब्रुवारी, आणि सत्तावीस दिवस. केतकीने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि एकोणीसवर पोचायच्या आधीच थांबली.

*

दुसऱ्या दिवशी ती साडेअकराला शेडवर पोचली. विजयाताई तात्यांच्या स्टुलावर बसल्या होत्या. स्टोव्हवर चहा उकळत होता. समोर शेवटचा अर्धा भरलेला ट्रे, रंगाच्या सहा डब्या.

"आज कामावर नाही गेलीस?"

"भेटीला आलेय."

आईने कप भरला आणि ती शटरपाशी जाऊन उभी राहिली. अकरा चाळीस झाले. समोरच्या रस्त्यावरून दोन टेम्पो गेले. अकरा सत्तेचाळीस झाले.

"आज उशीर झाला वाटतं."

"ती येणार नाही, आई. आता कधीच नाही येणार."

केतकीने कागद काढला आणि सांगितलं. एकसष्ट दिवसांच्या त्या आकड्यापासून सांगितलं. साठ्यातले जुने बुश, चारशे बारा, वाढीव पन्नास. मध्ये थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं. आई शटरच्या चौकटीला टेकून ऐकत होती. हातातल्या कपावर साय धरू लागली होती.

सगळं सांगून झाल्यावर आईने कप खाली ठेवला. मग आत जाऊन तिने स्टुलाखालची एक कानस आणली. तात्यांची नव्हे; लहान, नवी, मुठीला कापड गुंडाळलेली.

"ठिपका देताना काठ बोटाला लागायचा," ती म्हणाली. "फेब्रुवारीपासून. ते दुपारी जरा आडवे झाले की मी वाईटातले वाईट काढून पुन्हा घासायचे. त्यांना कळू दिलं नाही. तुलाही नाही. म्हटलं, काम जाईल. कामाशिवाय हा माणूस राहील कसा."

केतकीने तिच्याकडे पाहिलं. आईच्या उजव्या हाताच्या बोटांवर बारीक चिरे होते, आता बरे होत आलेले. गेल्या दोन महिन्यांत तिने ते पाहिलेच नव्हते.

"त्यांनाही कळत होतं गं. एकदा म्हणाले, विजू, डोकं फार दुखतं, केतूला सांगू नकोस, तिला हबमध्ये अडचण होईल."

रस्त्यावरून आणखी एक गाडी गेली. दोघींनीही मान वर केली. ती दुसरीच होती.

"काय लिहिलंय त्याच्यावर? वाच पुन्हा."

केतकीने वाचलं. "काम करणाऱ्या व्यक्तीची प्रत्यक्ष भेट घ्यावी. प्रकृतीची विचारपूस करावी."

"विचारपूस," आई म्हणाली. "एवढंच होय?"

"एवढंच."

आईने मान हलवली आणि ती उंबऱ्यावर बसली. केतकी तिच्या शेजारी जाऊन बसली. उद्या तिला आकुर्डीला जायचं होतं, गॅस्केट कापणाऱ्या त्या बाईकडे. तात्यांचा खरा माल पाहून चाहूलने त्या बाईच्या भेटीचाही कागद काढला होता, आणि नोकरी राहो न राहो, जगताप सरांनी तो केतकीच्याच हातात दिला होता. पण ते उद्या. आज शटर अर्धं उघडं होतं, ट्रे अर्धा भरलेला होता, आणि गाडीची वेळ टळून गेली होती.

आईने थंड झालेल्या कपावरची साय बोटाने बाजूला केली, आणि तात्या प्यायचे तसा तो अर्धा कप एका दमात पिऊन टाकला.

"साखर कमी आहे," ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं.